खुलासा : दिएगो फोर्लान मँचेस्टरमध्ये खरोखर नावडता होता का?

उरुग्वेचा निवृत्त आघाडीपटू दिएगो फोर्लान मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना नकोसा झाला होता, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी तो खरा नाही. जानेवारी २००२ मध्ये आलेल्या फोर्लानला पहिल्या गोलसाठी सप्टेंबर उजाडावा लागला आणि इस्रायलच्या मक्काबी हैफा क्लबविरुद्धचा तो गोलही पेनल्टीवर झाला, एवढ्याच भांडवलावर हा समज उभा आहे. ९८ सामन्यांत १७ गोल ही कामगिरी बेताचीच म्हणावी लागेल. पण त्यावरून नावड सिद्ध होत नाही. १ डिसेंबर २००२ रोजी कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूल क्लबच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर, त्यांचा गोलरक्षक जेर्झी दुदेकच्या हातांतून निसटलेला चेंडू त्याने जाळ्यात ढकलला, पाठोपाठ दुसरा गोलही केला, आणि लिव्हरपूलकरांना रडवणारा म्हणून चाहत्यांनी त्याच्यावर रचलेले गाणे तो २००४ मध्ये स्पेनला गेल्यानंतरही स्टेडियममध्ये घुमत राहिले.