माशाच्या चर्मपत्राची बांधणी : कातडी आणण्याआधी हे वाचा

माशाच्या कातडीचं चर्मपत्र, म्हणजे न कमावता ताणून वाळवलेली कातडी, करून आम्ही त्याने वह्या बांधतो. घरची कातडी घेऊन येणाऱ्या ग्राहकांना वरचेवर एकच गोष्ट सांगावी लागते, म्हणून ती छापून ठेवली आहे. खवले लवकर निघावेत म्हणून कातडीवर गरम पाणी ओतू नका.

ओली कातडी उष्णता सोसत नाही. रोहू-कटल्याची कातडी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात आकसते आणि पुढे विरघळू लागते. माशाचा सरस असाच तर करतात. थंड समुद्रातल्या कॉडची कातडी ४० अंशांच्या आसपासच आकसते. आकसलेली कातडी पूर्ववत होत नाही, फळीवर ताणली की फाटते. म्हणून ती आम्ही परत देतो. हा आडमुठेपणा नाही, तुमची मजुरी वाचते.

उजनी धरणातला मासा घेताना कातडी अखंड सोलून मागा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. नाहीच जमलं तर मीठ चोळा. खवले आणि मांस आम्ही बोथट सुरीने काढतो. मग सौम्य साबण घातलेल्या गार पाण्यात धुऊन, फळीवर ताणून, सावलीत वाळवतो. वास बराचसा तेलाचा असतो. तेल नीट निघालं की तो फारसा राहत नाही.

हे कमावलेलं चामडं नव्हे. चर्मपत्र कडक, अर्धपारदर्शक असतं. खवल्यांच्या घरांची नक्षी त्यावर दिसते आणि खाली अस्तर म्हणून लावलेल्या कागदाचा रंग वर उमटतो. तो रंग तुम्ही निवडा, नमुने दुकानात आहेत.

वही घरी नेल्यावरही उष्णतेपासून जपा. चर्मपत्र पावसाळ्यात दमट हवेने फुगतं, सुकताना पुठ्ठ्याला ओढतं. ती ओढ तोलायला आम्ही पुठ्ठ्याच्या आतून खळीने कागद लावतो. त्याची मजुरी वेगळी पडते, पण त्याशिवाय आम्ही वही देत नाही. तरीही पुठ्ठा थोडा वाकला तर इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका. सपाट वजनाखाली ठेवा, नाहीतर आमच्याकडे आणा.

पोथ्यांना आम्ही आपणहून कापडी बांधणीच सुचवतो.

एका रोहूच्या कातडीत लहान डायरी होते. मोठ्या वहीला कण्यावर आणि कोपऱ्यांना चर्मपत्र, बाकी सोलापुरी हातमागाचं कापड लावलं तर खर्च आवरतो आणि वही टिकतेही. स्वतः बांधणी करणाऱ्यांसाठी कागदाचं अस्तर लावलेलं तयार चर्मपत्र मिळेल. येताना वहीचं माप आणा.