दुतोंड्या मारुती आणि क्युसेकचा हिशेब

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत आकडा येतो: इतके हजार क्युसेक विसर्ग. पंचवटीत मात्र वेगळंच विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही नाशिकची पूर मोजायची पट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा. ही दोन मापं एकमेकांशी दरवेळी जुळतातच असं नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, त्यात फरक नाही. पण तेवढंच पाणी एका वर्षी छातीला लागेल नि दुसऱ्या वर्षी गळ्याशी येईल. खालच्या नाल्यांनी किती भर घातली, पात्र किती रुंद उरलं, तळ खडबडीत आहे की गुळगुळीत, मध्ये काय अडकलंय, यावर ते ठरतं. वाहत्या पाण्याच्या या हिशेबाला पुस्तकात जलगतिकी म्हणतात. कामावरची माणसं सरळ 'हायड्रॉलिक्स' म्हणतात.

हा हिशेब नाशिक-धुळे भागात सूत्रांच्या आधीपासून चालत आलाय. मोसम आणि पांझरा खोऱ्यांतली फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, बाजूने पाट आणि पाण्याची पाळी सांभाळणारा पाटकरी. पाटाला उतार जास्त दिला तर तो खरवडत जातो, कमी दिला तर गाळ बसतो. हे ज्यांना नजरेने कळत होतं त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही, एवढंच.

कागदावर ते युरोपात उतरलं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शेझीने वेग आणि उतार यांची सांगड घातली, 1889 मध्ये आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंगने तळाचा खडबडीतपणाही धरणारं आपलं सूत्र मांडलं. त्याच सुमारास, 1884 मध्ये, विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. सुरुवातीच्या त्यांच्या कामांत खानदेशातल्या दातर्तीचा नळाचा सायफन होता, म्हणजे पाणी दाबाने नदीपलीकडे नेणारा नळ. फड पद्धतीच्याच मुलखात आता दाबाचं गणित आलं.

पुढे 1916 मध्ये दारणा धरण पूर्ण झालं, 1965 मध्ये गंगापूरचं मातीचं धरण. धरण म्हणजे वाहतं पाणी थांबवणं, आणि पाणी थांबलं की त्याच्या पोटातला गाळ खाली बसतो. गंगापूरची साठवण सुरुवातीला 7 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर होती, आता साडेपाचच्या आसपास मानतात. ही घट पाऊस कमी झाल्याने आलेली नाही. नाशिकचं आणि मराठवाड्याचं पाण्यावरून भांडण होतं तेव्हा गाळाबद्दल फार कुणी बोलत नाही.

1959 मध्ये दिंडोरी रोडवर 'मेरी' उभी राहिली, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. सांडवे, दरवाजे बांधायच्या आधी त्यांची छोटी प्रतिकृती करून तिच्यातून पाणी सोडून बघायचं, ही तिथली एक पद्धत. त्यातली गोष्ट मला फार आवडते: छोट्या नदीत काळही छोटा होतो. 1:36 च्या प्रतिकृतीत तासाभराचा पूर दहा मिनिटांत वाहून जातो, कारण वेळ मोजमापाच्या वर्गमुळाने आखडते.

सप्टेंबर 2008 च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा हे शब्द नाशिकच्या घराघरांत पोचले. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. बांधकामाला परवानगी मिळणार की नाही हे तिच्यावर ठरत असल्याने वाद झाले ते जमिनीचे. रेषा ज्या गणितातून निघते त्यात पात्राचा आडवा छेद आणि तळाचा खडबडीतपणाही धरावा लागतो, आणि नाशिकमध्ये तळच बदलला होता. 2003 च्या सिंहस्थासाठी गोदापात्रात काँक्रीट टाकलं गेलं. जुनी कुंडं त्याखाली गेली.

काँक्रीटमुळे पूर वाढतो असं सरसकट म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. मॅनिंगच्या हिशेबात दगडगोट्यांच्या पात्रापेक्षा काँक्रीटवर पाणी दुपटीहून जास्त वेगाने जाऊ शकतं, म्हणजे तिथल्या तिथे पातळी उलट उतरायला हवी. पण काँक्रीटच्या थराने छेदही कमी होतो आणि तो वेग पुढच्या माणसाच्या दारात जातो. खरं नुकसान उन्हाळ्यात दिसतं. तळातून येणारे झरे बंद झाले की नदी वाहायची थांबते, आणि खळखळ नसलेल्या पाण्यात हवा मिसळत नाही. सांडपाणी पचवायला नदीला तोच प्राणवायू लागतो. 1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर हे गणित मांडलं होतं.

गोदावरी पुढे निफाड तालुक्यात जाते. तिथे कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. संथ पाण्यात गाळ साचला, बेटं झाली, गवत वाढलं, पक्षी आले. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी आणि सायखेड्याचे लोक त्याच तुंबून मागे चढणाऱ्या पाण्याला फुगवटा म्हणतात. 2019 च्या पुरात दोन्ही गावांत पाणी शिरलं होतं. वरून वाहत आलेल्या पानवेली सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की कमानी बुजतात, आणि मग नाशिकहून किती क्युसेक निघालं याला तिथे फारसा अर्थ राहत नाही. चांदोरीकर नदीकाठच्या खंडेरावाच्या देवळाकडे बघतात.