एमिशन की इम्युनिटी? व्हीसॅटच्या ईएमसी सर्टिफिकेटमधल्या दोन वेगळ्या परीक्षा

कापसाचा हंगाम लागला की चोपडा, धरणगाव, शहादा या पट्ट्यात जिनिंग रात्रंदिवस चालतात. त्याच फीडरवर कुठे बँकेची शाखा असते, कुठे पेट्रोल पंप, आणि गच्चीवर व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून नेट देणाऱ्या छोट्या केंद्राची, छत्री. मग एक ठरलेला वाद सुरू होतो. जिनिंगच्या मोटारी सुरू झाल्या की लिंक तुटते. "नेट काबर चालत नही, भाऊ?" म्हणत काउंटरसमोर गर्दी वाढते. मोडेम बसवणारा म्हणतो, आमच्या मोडेमला ईएमसीचं सर्टिफिकेट आहे, दोष जिनिंगच्या ड्राइव्हचा, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा. जिनिंगवाला म्हणतो, ड्राइव्हलाही सर्टिफिकेट आहे, दोष मोडेमचा. दोघेही कागद काढून दाखवतात, आणि दोघांचेही कागद खरे असतात.

ईएमसी म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगतता, उपकरणांनी एकमेकांना त्रास न देता शेजारी नांदणं. वादाचं कारण असं की 'ईएमसी चाचणी' या एका नावाखाली दोन चाचण्या येतात आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. एमिशनच्या चाचणीत उपकरण स्वतः किती विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर सोडतं ते मोजतात. इम्युनिटीच्या चाचणीत बाहेरचा गोंगाट मुद्दाम उपकरणावर सोडतात आणि ते काम करत राहतं का ते पाहतात. जे उपकरण शांत असतं ते टणकही असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात थोडं तथ्य आहे. पेटीची फट लहरींना बाहेर सोडते तशी आतही घेते, म्हणून चांगलं शिल्डिंग दोन्हीकडे उपयोगी पडतं. पण आतलं सर्किट वेगळी गोष्ट आहे. एखादा मोडेम अगदी शांत असूनही वीजपुरवठ्यातल्या एका झटक्याने अडकून पडू शकतो.

एमिशनची चाचणी मोजमापाची आहे. आतून शोषक सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत उपकरण फिरत्या टेबलावर ठेवतात, समोरचा अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वर-खाली सरकवतात आणि रिसीव्हर ३० मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा चाळत जातो. त्याखाली, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये, विजेच्या वायरीतून परत जाणारा गोंगाट मोजतात. या बंद खोलीतून उपग्रह दिसणं शक्यच नसतं. म्हणून व्हीसॅटच्या ट्रान्समीटरला छत्रीऐवजी डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडता शक्ती गिळणारा भार, जोडतात आणि मोडेमला उपग्रहाचा सिम्युलेटर देऊन लिंक चालू असल्याच्या अवस्थेत ठेवतात. शेवटी एक आलेख मिळतो. रेघेच्या खाली राहिलात तर पास, वर गेलात तर नापास.

ही रेघ फार खाली असते. घरगुती म्हणजे क्लास बी उपकरणासाठी सीआयएसपीआर ३२ या मानकात ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये १० मीटरवरची मर्यादा ३० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे मीटरला साधारण ३२ मायक्रोव्होल्ट. इतकी कडक मर्यादा कशासाठी? शेजारचा संगणक बिघडू नये म्हणून नव्हे, तर शेजारच्या रेडिओला दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून. सीआयएसपीआर ही समिती १९३४ मध्ये सुरू झाली तीच रेडिओ ऐकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. मोजणीसाठी वापरला जाणारा क्वासी-पीक डिटेक्टरही कानाच्या त्रासावर बेतलेला आहे. रानडुकरांसाठी शेताला लावलेलं झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा 'टक्' करतं. ती टकटक या डिटेक्टरला कमी खुपते. तितक्याच उंचीचे ठोके सेकंदाला शेकड्यांनी पडले तर तो खूप वरचं माप दाखवतो, कारण ऐकणाऱ्यालाही ते तितकंच असह्य होतं.

क्षीण संकेत ऐकणाऱ्यांचा प्रश्न आज रेडिओपुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीने ६८ स्टारलिंक उपग्रहांचा वेध घेतला. त्यांपैकी ४७ उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी येताना दिसल्या. हे उपग्रह त्या पट्ट्यात काहीच प्रक्षेपित करत नाहीत. त्या लहरी त्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून गळत होत्या. जमिनीवरच्या मोडेमला जी एमिशनची रेघ लागू होते तशी रेघ कक्षेतल्या उपग्रहाला नाही. आपल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण १५० मेगाहर्ट्झच्या आसपासही आकाश ऐकते, म्हणून मला ही बाब दूरची वाटत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी केलेल्या इरादापत्रात नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्यांचा विचार आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांना नेट हवंच आहे. आकाश शांत ठेवण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते.

इम्युनिटीचं गणित उलट दिशेने चालतं. तिथे रिसीव्हरच्या जागी ॲम्प्लिफायर येतो. उपकरणावर ८० मेगाहर्ट्झपासून पुढे, एकेक टक्क्याच्या टप्प्यांनी, मीटरला ३ व्होल्टचं क्षेत्र सोडलं जातं. त्या लहरीवर १ किलोहर्ट्झचं ८० टक्के मॉड्युलेशन असतं. माणसं खोलीबाहेर थांबून कॅमेऱ्यातून मोडेमचे दिवे आणि पॅकेट गळती पाहत असतात. याशिवाय बोटातून बसतो तसा स्थिर विजेचा झटका, संपर्काने ४ हजार आणि हवेतून ८ हजार व्होल्टचा. वायरीत वेगाने एकामागोमाग येणारे ठोके, दूरच्या विजेने लाइनमध्ये येतो तसा सर्ज, आणि व्होल्टेजचं क्षणभर बसणं हेही असतं. वैशाखातल्या वळवाच्या पावसात वीज थेट छत्रीवर पडली तर त्यातून वाचवण्याचा दावा सर्जची चाचणी करत नाही. त्यासाठी तडितरोधक आणि अर्थिंग लागतं.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. एमिशनला मुभा मीटरला ३२ मायक्रोव्होल्टची, इम्युनिटीत मारा मीटरला ३ व्होल्टचा. जवळजवळ एक लाख पट फरक. पहिला आकडा १० मीटरवरचा आहे आणि दुसरा थेट उपकरणाच्या अंगावरचा, हे धरलं तरी दरी हजारोंची उरते. त्यामुळे नियमात बसणारं शेजारचं घरगुती उपकरण हवेतून पाठवलेल्या लहरींनी मोडेम बंद पाडेल ही शक्यता फार कमी. खरा धोका मुद्दाम प्रक्षेपण करणाऱ्यांकडून येतो. मोकळ्या जागेचा साधा हिशेब केला तर २ वॉटचा जुना मोबाइल हँडसेट ३ मीटरवर मीटरला सुमारे अडीच व्होल्टचं क्षेत्र तयार करतो, आणि ५ वॉटचा वॉकीटॉकी एका मीटरवर सुमारे १२ व्होल्टचं. भुसावळसारख्या जंक्शनवर वॉकीटॉकी घेतलेला माणूस रॅकशेजारी उभा राहून बोलू लागला तर ३ व्होल्टची परीक्षा पास झालेल्या उपकरणाला तिथे कसलीही हमी उरत नाही.

इम्युनिटीत पास म्हणजे काय, हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो, आणि खरेदीच्या वेळी तोच कुणी विचारत नाही. इथे रेघ नसते, निकष असतात. निकष 'ए' म्हणजे मारा चालू असतानाही काम बिनघोर चालू. 'बी' म्हणजे माऱ्याच्या वेळी गडबड चालेल, पण नंतर उपकरण आपलं आपण सावरलं पाहिजे. 'सी' म्हणजे कुणीतरी हात लावून बंद-चालू केलं की सावरतं. दूरसंचार उपकरणांसाठी सतत चालणाऱ्या माऱ्याला साधारणपणे 'ए' लागतो आणि क्षणिक झटक्यांना 'बी' चालतो. जळगाव शहरात 'बी' आणि 'सी' मधला फरक पाच मिनिटांचा असेल. मोलगीच्या शाखेत तो एका दिवसाचा होऊ शकतो. मोडेम अडकला, आत कुलूपबंद रॅक, आणि किल्ली असलेला माणूस नंदुरबारला. सर्जनंतर मोडेमने उपग्रह पुन्हा शोधून लिंक स्वतः उभी केली का, हे चाचणी अहवालात लिहिलेलं असतं. ते पान मागून घ्यावं.

जिनिंगच्या वादाची उकल एका उलट्या मांडणीत आहे. औद्योगिक उपकरणाला गोंगाट करायला जास्त सूट असते, पण सहन करायची अट कडक असते: मीटरला १० व्होल्ट. घरगुती किंवा कार्यालयीन उपकरणाला गोंगाटाची सूट कमी आणि सहन करायची अट सौम्य: ३ व्होल्ट. कारखान्यात कारखान्याचीच उपकरणं आणि घरात घरचीच असतील, तर हे चोख जुळतं. पण जिनिंगचा ड्राइव्ह औद्योगिक सी-३ वर्गाचा आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवरचा मोडेम घरगुती वर्गाचा असेल तर जास्त सूट मिळालेला आणि कमी सोसणारा समोरासमोर येतात. प्रत्येक जण आपापल्या परीक्षेत पास झालेला असतो. शिवाय ड्राइव्हचा उपद्रव हवेतून कमी आणि वायरीतून जास्त पोचतो. त्याचं मूळ स्विचिंग काही किलोहर्ट्झवर चालतं, आणि वायरीतल्या मोजणीची रेघ तर १५० किलोहर्ट्झपासून पुढे सुरू होते.

म्हणून उपायही दोन बाजूंनी करावे लागतात. ड्राइव्हच्या बाजूला इनपुटला फिल्टर आणि मोटारीला शिल्डेड केबल. त्या केबलची जाळी दोन्ही टोकांना क्लॅम्पखाली पूर्ण गोल दाबून बसवायची. जाळी पिळून तिची शेपटी करून स्क्रूला अडकवली की उच्च वारंवारतेला शिल्ड असून नसल्यासारखंच होतं, आणि ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते. मोडेमच्या बाजूला ऑनलाइन यूपीएस, सर्ज प्रोटेक्टर, वायरींवर गोंगाट शोषणाऱ्या फेराइटच्या कड्या आणि छत्री, रॅक, विजेचा बोर्ड यांचं अर्थिंग एकत्र बांधलेलं. गच्चीवरून येणाऱ्या केबलचं एफ कनेक्टरही तपासावं. छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीकडून (उपग्रहाचा संकेत वाढवून खालच्या वारंवारतेवर आणणारा भाग) मोडेमकडे संकेत ९५० मेगाहर्ट्झपासून वरच्या पट्ट्यात येतो, आणि ९०० च्या बँडमधले मोबाइल टॉवर ९६० मेगाहर्ट्झपर्यंत प्रक्षेपण करतात. कनेक्टर सैल असेल तर टॉवर थेट मोडेमच्या कानात बोलतो.

स्टिकर वाचतानाही या दोन बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी, तिच्या नियमांचा भाग १५ अशा उपकरणांना एमिशनच्या मर्यादा घालतो, इम्युनिटीची परीक्षा घेत नाही. उलट त्या लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं की आलेला कोणताही व्यत्यय, कामात बिघाड करणारासुद्धा, उपकरणाने स्वीकारायचा आहे. युरोपच्या सीई चिन्हामागे दोन्ही बाजूंची अट असते. भारतात दूरसंचार विभागाच्या टीईसी या संस्थेच्या ईएमसी मानकातही एमिशन आणि इम्युनिटी दोन्ही आहेत. म्हणून नुसतं एफसीसी पाहून मोडेम घेऊ नये. एमिशनचा वर्ग, इम्युनिटीची पातळी आणि निकषाचं अक्षर, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

आणखी एक त्रास आहे, जो या दोन्ही परीक्षांच्या बाहेर राहतो. इम्युनिटी तपासताना रिसीव्हरचा स्वतःचा पट्टा वगळतात, कारण तिथे मारा केला तर कोणताही रिसीव्हर बहिरा होणारच. केबलवाल्यांच्या मोठ्या सी-बँड छत्र्या ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झवर ऐकतात. २०२२ च्या लिलावानंतर ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झवर फाइव्ह-जी आलं. जुने एलएनबी ३.४ पासूनचं सगळंच आत घेतात. जवळ फाइव्ह-जी टॉवर उभा राहिला की असा एलएनबी दबून जातो आणि चित्राचे चौकोन पडू लागतात. तिथे ईएमसीचा कोणताही अहवाल मागून उपयोग नाही. फीडहॉर्न आणि एलएनबीच्या मध्ये ३.७ ते ४.२ चा बँडपास फिल्टर बसवावा लागतो.