30 डिश म्हणजे 30 पट ताकद? बेरीज कशी करता त्यावर आहे

मोठ्या रेडिओ दुर्बिणी एकत्र आणल्या की अधिक मंद स्रोत टिपता येतात. पण त्यांचे सिग्नल दोन पद्धतींनी मिळवता येतात, आणि बातम्यांमध्ये या दोन पद्धती सर्रास एकच समजल्या जातात.

विसंगत बेरजेत प्रत्येक डिशच्या सिग्नलचा आधी वर्ग करून शक्ती काढतात, मग शक्तींची बेरीज करतात. सुसंगत बेरजेत लाटाच शिखरावर शिखर येईल अशा जुळवून मिळवतात आणि वर्ग शेवटी करतात. सगळा फरक या क्रमात आहे, कारण एकदा वर्ग केला की लाटेची फेज, म्हणजे तिचं शिखर नेमकं कधी येतं ही माहिती, कायमची जाते. स्रोताची लाट सगळ्या डिशवर तीच असते, तर प्रत्येक रिसीव्हरचा गोंगाट स्वतंत्र असतो. म्हणून फेज जुळवली की सिग्नल गोंगाटापेक्षा खूप वेगाने वाढतो. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 डिश सुसंगत जोडल्या तर संवेदनशीलता एका डिशच्या 30 पट होते. विसंगत जोडल्या तर 30 च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे जेमतेम साडेपाच पट.

मग साडेपाच पटीवर समाधान कोण मानेल? नवे पल्सार, म्हणजे ठोक्यांसारखे नियमित रेडिओ सिग्नल देणारे वेगाने फिरणारे मृत तारे, शोधणारे, आणि त्यांचं बरोबरच आहे. 325 मेगाहर्ट्झला जीएमआरटीची एक डिश आकाशाचा एका अंशाहून रुंद तुकडा पाहते. विसंगत बेरजेत तेवढा सगळा तुकडा हाती राहतो. सुसंगत बेरजेत मात्र डिश जितक्या दूर पसरलेल्या, तितका बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, अरुंद. 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात तो काही कलासेकंदांवर येतो (एक कलासेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). पल्सार नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर तो त्यात सापडणार कसा? दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटने यावर उपाय म्हणून एकाच वेळी शेकडो अरुंद बीम तयार केले. त्यासाठी संगणकांवर प्रचंड भार येतो.

जागा माहीत असेल, तर सुसंगत बेरजेला तोड नाही. मला याचं सर्वांत देखणं उदाहरण युरोपातल्या 'लीप' प्रकल्पाचं वाटतं. एफेल्सबर्ग, जॉड्रेल बँकची लव्हेल, वेस्टरबोर्क, नान्से आणि सार्डिनिया या पाच दुर्बिणी मिळून तिथे सुमारे 195 मीटर व्यासाच्या एका डिशची ताकद उभी राहते. 21 सेंटीमीटरची लाट 0.7 नॅनोसेकंदात निघून जाते. वेगवेगळ्या देशांतल्या डिशचे सिग्नल या वेळेच्याही छोट्या अंशापर्यंत जुळवावे लागतात. त्यासाठी हायड्रोजन मेसरची घड्याळं लागतात, पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब लागतो, आणि वातावरणामुळे होणारा उशीर एखाद्या तेजस्वी स्रोतावरून वारंवार मोजून घ्यावा लागतो. फेज चुकली तर लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. विसंगत बेरजेला यातलं बहुतेक काही लागत नाही; वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत जुळला तरी काम भागतं.

एवढी मेहनत कशासाठी? पल्सारच्या ठोक्यांमधली अगदी बारीक चलबिचल मोजून नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे एकेका आंदोलनाला वर्षानुवर्षं घेणाऱ्या अवकाश-काळातल्या तरंगांचा, माग काढण्यासाठी. अनेक दुर्बिणींनी पल्सारचे ठोके वर्षानुवर्षं मोजणाऱ्या युरोपियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटाने 2023 मध्ये 25 पल्सारच्या नोंदींवरून अशा लहरींचे संकेत मांडले, आणि त्या नोंदींमध्ये लीपच्या नोंदीही आहेत.