पाण्याने आखलेली रेषा डोंगरावर कशी चढते?

समुद्रापासून बऱ्याच उंचीवर शंख-शिंपले आणि लाटांनी गुळगुळीत केलेले गोटे सापडले, की ‘जलप्रलयाचा पुरावा’ म्हणून त्यांचे फोटो फिरू लागतात. जरा हिशेब मांडा. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला, तरी समुद्र आजच्यापेक्षा साधारण ६५ ते ७० मीटरच चढेल. स्वीडनच्या ‘उंच किनारा’ या प्रदेशात मात्र जुनी किनारारेषा २८६ मीटरवर आहे. एवढं पाणी आणायचं कुठून? तिथे जमीनच वर आली आहे.

तिथल्या टेकड्यांवर ही रेषा साध्या डोळ्यांनी दिसते. रेषेच्या खाली लाटांनी माती धुऊन नेली, म्हणून खडक उघडा पडलेला. वर हिमनदीने टाकलेली माती शाबूत, म्हणून माथ्यावर तेवढी झाडी.

हिमयुगात या भागावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. भूकवचाखालचं प्रावरण घन खडकाचंच, पण हजारो वर्षांच्या दाबाखाली ते संथ वाहतं. पाण्याची घनता १ धरली तर बर्फाची ०.९च्या आसपास, प्रावरणाची ३.३. म्हणजे एवढा बर्फ तोलून धरायला, पुरेसा वेळ मिळाला तर, जमीन जवळपास ८०० मीटर खचते. बर्फ वितळला की ओझं उतरतं, पण बाजूला सरकलेलं प्रावरण परतायला हजारो वर्षं लागतात. तोवर खचलेल्या जमिनीवर समुद्र शिरतो, किनारा कोरतो आणि मग तो किनारा जमिनीबरोबर वर चढत जातो. आजही तिथे वर्षाला सुमारे ८ मिलिमीटरची उचल चालू आहे. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेल्या सेल्सियस यांनी १७३१मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावरील एका खडकावर समुद्रपातळीची खूण कोरून घेतली होती. पाणी आटतंय, असं त्यांचं मत होतं.

मग पाणी उतरलं की जमीन चढली, हे ठरवायचं कसं? मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. पाणी ही निसर्गाची पाणसळ. त्याने आखलेली रेषा मुळात आडवीच असते. पाणी नुसतं ओसरलं, तर ती आडवीच राहील. ती तिरपी किंवा मध्येच फुगलेली सापडली, तर जमीन कुठे कमी, कुठे जास्त उचलली गेली. अमेरिकेतल्या युटामध्ये हिमयुगात बॉनव्हिल नावाचं अफाट सरोवर होतं. ग्रेट सॉल्ट लेक हा त्याचाच अवशेष. भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी डोंगरउतारांवरच्या त्याच्या किनाऱ्यांच्या उंची मोजून १८९०मध्ये प्रसिद्ध केल्या. सरोवराच्या मध्यावर, जिथे एके काळी बेटं होती, तोच किनारा कडेपेक्षा उंच निघाला! आजच्या मोजमापात हा फरक सुमारे ७० मीटर भरतो. पाणी जिथे सर्वांत खोल, तिथेच उचल सर्वांत जास्त. सुमारे ३०० मीटर खोल पाण्याचं वजनसुद्धा भूकवच वाकवायला पुरलं होतं.

भूकंप हेच काम क्षणात करतो. १८३५च्या भूकंपात चिलीजवळच्या सांता मारिया बेटाचा किनारा सुमारे तीन मीटर उचलला गेला आणि खडकांना चिकटलेले शिंपले भरतीरेषेच्या वर कुजत पडले.

पण प्रत्येक उंच किनारा जमीन उचलल्यामुळेच झालेला नसतो. चिली पाहून आलेल्या डार्विन यांनी १८३९मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन रॉय खोऱ्यातल्या तीन समांतर रेषाही समुद्राच्याच ठरवल्या. तिथे समुद्री शिंपले मात्र सापडत नव्हते. हिमनदीने खोऱ्याचं तोंड अडवून तुंबवलेल्या सरोवराचे ते काठ, हे हिमनद्यांचे अभ्यासक लुई अगासी यांनी १८४०मध्ये ओळखलं. रेषांच्या उंची साधारण ३५०, ३२५ आणि २६० मीटर. आणि त्या त्या उंचीला पाणी बाहेर पडायला एकेक खिंड आहे.