निळी बाटली: विषाची की औषधाची?

चोरबाजारात मी घासाघीस करून एक बोटभर निळी बाटली घेतली. दुकानदाराच्या मते ती अत्तराची, ‘अंग्रेजों के जमाने की’. घरी आणून घासली तर पुढच्या बाजूला उठावाची अक्षरं दिसली: ‘नॉट टू बी टेकन’. म्हणजे पोटात घेऊ नये. (आपणही औषध ‘घेतोच’ की!) मी विषाची बाटली हुंगून, वर वासाचं कौतुकही करून आलो होतो.

गडद निळी काच दिसली की कुणी अत्तर म्हणतं, कुणी थेट विष. रंगावरून काहीच ठरत नाही. कोबाल्ट या धातूच्या संयुगानं निळी केलेली ही काच औषधांनाही सर्रास वापरत. अमेरिकेतल्या फिलिप्स कंपनीचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया निळ्या बाटलीतच यायचं आणि इंग्लंडात एरंडेलही उंच, सडपातळ निळ्या बाटलीत मिळे. उलट विषाच्या बाटल्या हिरव्या नि तपकिरीही असत.

मग ओळखायचं कसं? डोळे मिटून बाटलीवरून अंगठा फिरवा. विषाची असेल तर बहुधा खरखरीत उभ्या रेघा लागतील. इंग्लंडात 1868 च्या फार्मसी कायद्यानं विषाच्या बाटलीवर ‘पॉयझन’ हा शब्द आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं लेबल सक्तीचं केलं. पण मेणबत्तीच्या उजेडात, अर्धवट झोपेत लेबल वाचतो कोण? हाताला कळावं म्हणून या रेघा आणि षट्कोनी अंग. माझ्या बाटलीच्या तीन बाजू अशा रेघांच्या आहेत. मागच्या गुळगुळीत आहेत, लेबल चिकटवायला. आणि ‘विष’ म्हणजे दरवेळी उंदीर मारायचं नव्हे. जंतुनाशक कार्बोलिक, अमोनिया, चोळायची औषधं, असलं घरातलंच सामान त्यात असे.

औषधाची बाटली अंगानं गुळगुळीत. तिच्यावर फार तर चमच्यांच्या मापाच्या आडव्या खुणा नि ‘टेबल स्पून्स’ ही अक्षरं असतात. आपल्याकडे हे काम कंपाउंडर कातरीनं करायचा: कागदाच्या पट्टीला खाचा पाडून ती लाल मिक्श्चरच्या बाटलीवर डकवायची, एक खाच म्हणजे एक डोस. पट्टी गळून पडली की नुसती बाटली उरते, आणि तीच पुढे ‘अत्तराची’ म्हणून विकली जाते.

वयाचा अंदाज साच्याच्या सांध्यावरून येतो, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर उमटणाऱ्या उभ्या रेघेवरून. सांध्याची रेघ गळ्यापाशी विरली असेल तर तोंड हातानं घडवलेलं. ओठावरून थेट वरपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे साधारण विसाव्या शतकातली. अमेरिकेत ओवेन्सचं बाटल्या घडवणारं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं. कवटी आणि हाडांच्या फुलीची चकचकीत बाटली स्वस्तात मिळत असेल तर मात्र सांधा बघायच्याही फंदात पडू नका. तसल्या नकला ढिगानं निघतात.

आतला वाळका थर खरवडायचाच असेल तर हातमोजे घाला. हुंगू तर मुळीच नका.