रूपांतर फसले तर काय? डेटाबेसच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गोव्यात तोंडपाठ असलेल्या तीन तारखा घ्या: 18/06/1946, 19/12/1961, 30/05/1987. क्रांतिदिन, मुक्तिदिन, घटकराज्य दिन. अमेरिकी मांडणीवर (आधी महिना, मग दिवस) ठेवलेल्या एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला, हा मजकूर तारखेत बदलायला सांगितला, तर तिन्ही ठिकाणी त्रुटी येते. अठरावा महिना तो आणणार कुठून? राजभाषा विधेयक संमत झाले ती 04/02/1987 मात्र बिनबोभाट आत जाते, 2 एप्रिल होऊन.

एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा. तिच्या 1992 च्या मानकाने ‘कास्ट’ दिले, म्हणजे एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारात बदलायची आज्ञा. रूपांतर जमले नाही तर त्रुटी, एवढाच त्याचा खाक्या. लाख ओळींत एक खराब निघाली की अख्खी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्नच, बंद. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा उलटी: ‘12 नारळ’ या मजकुरात शून्य मिळवा, उत्तर 12, सोबत फार तर एक इशारा.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची कोंडी जास्त होती. 2005 च्या आवृत्तीत त्रुटी पकडणारे ‘ट्राय-कॅच’ आले, पण स्वतः लिहिलेल्या फंक्शनच्या आत ते चालत नाही. मग मजकूर संख्या आहे का हे ‘इझन्यूमेरिक’ने आधी तपासून घ्यायचे, आणि ते तर नुसत्या डॉलरच्या चिन्हालाही संख्या म्हणते! 2012 मध्ये ‘ट्राय_कास्ट’ आणि ‘ट्राय_कन्व्हर्ट’ आले तेव्हा सुटका झाली: जमले नाही तर त्रुटीऐवजी नल, म्हणजे रिकामी किंमत.

ओरॅकल या डेटाबेसने 12.2 या आवृत्तीत रूपांतर फसल्यास कोणती किंमत धरायची हे क्वेरीतच सांगायची सोय केली. पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसमध्ये 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून फंक्शनमध्ये त्रुटी पकडता येते, पण अशा प्रत्येक ब्लॉकमागे एक उपव्यवहार, म्हणजे व्यवहाराच्या आत छोटा व्यवहार, उघडतो. लाखभर ओळींवर तो खर्च जाणवतोच. त्रुटी न फेकता ‘हे बसेल का?’ एवढेच विचारणारे फंक्शन तिथे यायला 2023 ची 16 वी आवृत्ती उजाडावी लागली. पंचायतीच्या मराठी यादीतला ‘१२’ हा आकडा वाचायला आपल्याला चष्माही लागत नाही. पोस्टग्रेसला मात्र तो पूर्णांकात बदलता येत नाही. निदान आता आधी विचारता तरी येते. (सर्व्हे नंबर 45/1 संख्येच्या रकान्यात कोंबणाऱ्यांना मात्र कुठलीच आवृत्ती वाचवणार नाही.)

नलचीही एक खोड आहे. मुळात रिकामा रकाना आणि बदलताना फसलेला रकाना, दोन्ही शेवटी सारखेच दिसतात. म्हणून मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात तसाच ठेवलेला बरा. आणि त्या 4 फेब्रुवारीला ‘ट्राय_कन्व्हर्ट’ही पकडत नाही, कारण त्याच्या लेखी काही फसलेलेच नसते. तिथे 103 ही शैली, म्हणजे आधी दिवस मग महिना, स्वतःच लिहावी लागते.